डेलमार ओप्सलने प्रिंटर घेतला

नॉर्डबी गावात डेलमार ओप्सलबद्दल वाईट बोलणारा माणूस तुम्हाला सापडणार नाही. आमच्याकडे कुणी कुणाबद्दल वाईट बोलतच नाही. "डेलमार होय? तो जरा वेगळा आहे," एवढंच म्हणतात आणि कॉफीच्या कपात बघत राहतात. उत्तर मिनेसोटाच्या या सपाट मुलखात 'वेगळा' म्हटलं की माणसाची बिनपाण्याने झाली म्हणून समजावं. उलट एखादी गोष्ट फारच आवडली, अगदी डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणायचं, "वाईट नाही." कुणी कॉफी पुढे केली तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, समोरच्यावर उपकार केल्यासारखा, अर्धा कप घ्यायचा. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो, नाहीतर आजारी असतो. या रिवाजात डेलमार लहानाचा मोठा झाला, याच रिवाजातली आर्डिस त्याने बायको केली, आणि याच रिवाजाने पुढे दोघांचं एक अख्खं वर्ष खाल्लं.

सहकारी धान्यकोठारावर डेलमार अडतीस वर्षं मापाडी होता. गव्हाचा ट्रक आला की तो भरलेला तोलायचा, रिकामा झाला की पुन्हा तोलायचा आणि मधला फरक चिठ्ठीवर मांडायचा. त्याच्या काट्यात कधी चूक निघाली नाही. या कौतुकाने त्याचं डोकं कायमचं बिघडलं. जगातली कुठलीही वस्तू दोनदा तोलली की तिचं खरं काय ते कळतं, अशी त्याची समजूत झाली. निवृत्त झाल्यावर ट्रक गेले, समजूत मागे राहिली. मग तो टोस्टर तोलायला लागला.

टोस्टरला चौदा महिने लागले. बर्फ उडवायच्या यंत्राला दोन हिवाळे लागले, आणि ते दोन्ही हिवाळे तो फावड्याने अंगण साफ करत आणि आत येऊन यंत्रांचे तक्ते वाचत बसला. गिऱ्हाइकांसाठी वस्तू पारखून त्यांचे नंबर लावणाऱ्या एका मासिकाचा तो १९७३ पासूनचा वर्गणीदार. सगळे अंक तळघरात सालवार लावलेले. घरात काही घ्यायचं म्हटलं की डेलमार खाली उतरायचा आणि वर यायचा तेव्हा ऋतू बदललेला असायचा.

लग्नाचंही तसंच. आर्डिसबरोबर तो सहा वर्षं फिरला. शेवटी एका रविवारी चर्चच्या तळघरात बटाट्याच्या पोळ्या लाटता लाटता तिनेच सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "बेमिजीचा एक सुतार माझी चौकशी करतोय म्हणे."

"बरा आहे का?" डेलमारने विचारलं.

"वाईट नाही," आर्डिस म्हणाली.

अकराव्या दिवशी डेलमारने मागणी घातली. असा कुणी सुतार मुळात नव्हताच, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. डेलमार मात्र अजूनही बेमिजीला गेला की सुताराच्या दुकानावरून जाताना छाती जराशी पुढे काढतो.

आर्डिसने त्याला न विचारता विजेवर चालणारी एकच वस्तू आजवर विकत आणली. १९८८ साली एक मिक्सर आणला. डेलमार काही बोलला नाही. त्याने फक्त मासिकातला तक्ता काढून फ्रिजवर चुंबकाने लावला. तिच्या मिक्सरचा दुसरा नंबर होता. पुढची वीस वर्षं केक ताटात पडला की डेलमार म्हणायचा, "दुसऱ्या नंबरच्या मानाने मऊ झालाय." तेव्हापासून आर्डिसने कानाला खडा लावला आणि बटण असलेली कुठलीही वस्तू नवऱ्यावर सोडून दिली.

आता प्रिंटरकडे येऊ. नमनालाच घडाभर तेल गेलं, पण माणूस कळल्याशिवाय त्याने घेतलेली वस्तू कळत नाही.

डेलमारची मोठी बहीण लव्हॉन. त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा डेलमार नऊ वर्षांचा होता आणि वडील बीटच्या शेतात असायचे, तेव्हा त्याचं जेवणखाण, शाळा, कपडे सगळं लव्हॉनने बघितलं. त्याचे शर्ट ती घरीच शिवायची. आता ती एक्याऐंशीची झाली होती आणि गावाच्या टोकाला असलेल्या वृद्धाश्रमात तीन वर्षं राहत होती. डोळे शाबूत, कान शाबूत, मोठ्या अक्षरातलं वाचायची, पण माणसं एकेक करून तिच्या मनातून उतरून चालली होती. चेहऱ्यावरून ती कुणालाच ओळखत नव्हती. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात डेलमार भेटायला गेला तर ती म्हणाली, "बरं झालं आलात. रेडिएटर त्या खिडकीखाली आहे. रात्रभर ठोकल्यासारखा आवाज करतो."

डेलमारने खरोखरच रेडिएटर तपासला. मग घरी आला, आणि त्यानंतर पुन्हा गेला नाही.

"ओळखतच नाही, तर जाऊन उपयोग काय?" असं तो म्हणायचा. हे बोलणं मला कधी आवडलं नाही. उपयोगाचा हिशेब प्रिंटरला ठीक आहे. पण त्याला तेवढाच एक काटा वापरता येत होता, आणि त्या काट्यावर त्याची भीती बरोबर लपत होती.

आर्डिस मात्र दर गुरुवारी दुपारी जायची. नणंदेसाठी थर्मासमध्ये कॉफी आणि खाऊच्या डब्यात खजुराच्या वड्या घेऊन.

नाताळात लव्हॉनची मुलगी क्रिस्टा दूरच्या गावाहून आली. तिने आजोबांच्या वेळच्या रंगीत स्लाइड पेनड्राइव्हवर उतरवून आणल्या होत्या आणि त्यातलं एक चित्र मोठ्या कागदावर छापून आणलं होतं. जुन्या शेतावरचं लाल कोठार, समोर निळा ट्रक. लव्हॉनने ते हातात घेतलं आणि महिनोन्महिने गप्प असलेली बाई अर्धा तास बोलली. कोठाराचा लाल कुणी दिला, निळा ट्रक कुठल्या खड्ड्यात फसला, सगळं. चेहरे गेले होते, पण रंग अजून घरात होते.

त्या दिवशी रस्ते निसरडे आहेत म्हणून डेलमार घरी राहिला होता. रस्ते निसरडे होते हे खरं. बाकी सगळं गाव त्याच रस्त्यांवरून चर्चला जाऊन आलं हेही खरं.

आर्डिस घरी येऊन म्हणाली, "क्रिस्टाचं रंगीत चित्र बघून लव्हॉन बरंच बोलली बाई."

"कुठल्या मशीनवर काढलं होतं?" डेलमारने विचारलं.

आर्डिस म्हणाली, "दर आठवड्याला असं एखादं छापता आलं असतं तर बरं झालं असतं. घरी प्रिंटर असला की सोयीचं पडतं म्हणे."

मराठी माणसाला हे बोलणं साधं वाटेल. आमच्याकडे हा टाहो होता. बाईने छप्पर फाडून सांगितलं होतं की रंगीत प्रिंटर आण, आणि आजच आण. डेलमारला त्यातला 'प्रिंटर' तेवढा ऐकू आला. त्याचे डोळे चमकले आणि तो तळघरात उतरला.

जानेवारी गेला. फेब्रुवारीत तो कॉफीच्या टपरीवर येऊन आम्हाला समजावू लागला. तिथे रोज सकाळी निवृत्त पोस्टमन गॉर्डी आणि आणखी दोघेतिघे बसतात.

"दोन जाती आहेत," डेलमार म्हणाला. "एकात ओली शाई असते, एकात पूड. शाईवाला मशीन स्वस्त देतो आणि शाईत कापतो. पूडवाला मशीनला महाग, पण एकदा पूड भरली की दोन हजार पानं बघायला नको."

"मग पूडवाला घे," गॉर्डी म्हणाला.

"तसं घाईने ठरवता येत नाही. शाईवाल्यात फोटो चांगले येतात."

"मग शाईवाला घे."

"पण शाई वाळते ना! दोन आठवडे काही छापलं नाही की बारीक भोकं बुजतात. मग मशीन स्वतःच स्वतःला साफ करायला शाई पितं. म्हणजे तुम्ही काही छापलं नाही तरी शाई संपते. बसल्या जागी पिणारं जनावर आहे ते."

"माझा मेहुणा तसाच होता," गॉर्डी म्हणाला. "त्यालाही आम्ही सांभाळलाच की."

मार्चमध्ये डेलमारला रंगीत पूडवालाही असतो असा शोध लागला. आठ दिवस तो खुशीत होता. मग त्याने त्याचं वजन वाचलं. पंचेचाळीस पौंड. शिवाय चार रंगांच्या चार डब्या, आणि फोटो म्हणे फिकट. तो बाद झाला. त्याच्या वहीत नोंद अशी होती: 'एक ना धड.'

वही होती, हे सांगायचं राहिलं. त्या वहीत त्याने आपल्या घरात महिन्याला किती पानं छापली गेली असती ते मांडायला सुरुवात केली. छापली नाहीत, 'असती'. रात्रीच्या जेवणाला तो विचारायचा, "आज काही छापलं असतंस का?" आर्डिस म्हणायची, "तसं काही अडलं नाही." अडलं नाही म्हणजे अडलंय, आणि विचारलंस ते बरं केलंस, आता पुन्हा विचार, असा त्याचा अर्थ. डेलमार वहीत शून्य लिहायचा.

एप्रिलमध्ये त्याने तिचं मतही रीतसर विचारलं. या गोष्टीचा त्याला पुढे फार अभिमान होता.

"तुझी काही खास पसंती?"

"तुला बरं वाटेल ते आण," आर्डिस म्हणाली. मग ताटातले वाटाणे एका बाजूला करत ती म्हणाली, "रंगीत चित्रं जरा उठून दिसतात म्हणतात."

"म्हणतात खरं," डेलमार म्हणाला, आणि वहीत लिहिलं: 'आर्डिस – पसंती नाही.'

मे महिन्यात ती तिसऱ्यांदा बोलली. तिसरी वेळ म्हणजे आमच्याकडे शेवटची. "लव्हॉनकडे तेच एक चित्र नेते मी दर गुरुवारी. कोपरे फाटत आले त्याचे. शहरातल्या फोटोच्या दुकानातून दोनचार छापून आणू का?"

"आता कशाला?" डेलमार म्हणाला. "मशीन येतंच आहे घरी."

जूनमध्ये लव्हॉन त्या फाटक्या चित्राकडे बघून दहा मिनिटं बोलायची. ऑगस्टमध्ये तिने लाल कोठारावर बोट ठेवलं आणि "लाल" एवढंच म्हणाली. आर्डिसने हे डेलमारला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने काय विचारलं असतं ते तिला ठाऊक होतं. एकदा मात्र ती टपरीवरच्या बायकांच्या टेबलावर म्हणाली, "डेलमारचं बारकाईने चाललंय," आणि बायकांनी कपात बघितलं.

नोव्हेंबरमध्ये, बरोबर अकराव्या महिन्यात, निकाल लागला. काळी पूड. मासिकात पहिला नंबर. मिनिटाला बत्तीस पानं, पूड वाळत नाही, बुजत नाही, काही पीत नाही. डेलमार चाळीस मैल जाऊन खोकं घेऊन आला, शिवणयंत्राच्या टेबलावर मांडलं, आणि शिवणयंत्र तळघरात गेलं. मग त्याने आर्डिसला हाक मारली.

पहिलं पान कुठलं, तर डेलमारने मोठ्या मनाने क्रिस्टाचा पेनड्राइव्ह लावला. १९५६ सालच्या जत्रेतलं चित्र. अकरा वर्षांचा डेलमार, हातात वासराची दोरी, अंगात लव्हॉनने शिवलेला पिवळा शर्ट. खाली त्याने मोठ्या ठळक अक्षरांत छापलं: 'डेलमार ओप्सल, १९५६'. चार सेकंदांत पान बाहेर आलं. वासराचा केस न केस दिसत होता. शर्ट करडा होता, वासरू करडं होतं, आकाश करडं होतं, आणि मधोमध करडा डेलमार हसत होता.

आर्डिसने पान हातात घेतलं. बराच वेळ बघितलं.

"वेगळंच आहे," ती म्हणाली.

पन्नास वर्षांच्या संसारात तिने हा शब्द घरात कधी वापरला नव्हता. डेलमारचे कान लाल झाले.

"वेगळं म्हणजे? रेष बघ! डोळ्यांना लावून बघ. कुठे फिसकटलंय का?"

"नाही. रेष वाईट नाही."

"मग?"

"काही नाही. गुरुवारी नेते."

"तू कशाला? मीच नेऊन दाखवतो तिला," डेलमार म्हणाला. बहिणीसाठी जो माणूस वर्षभर हलला नाही, तो प्रिंटरच्या अब्रूसाठी कोट घालून तयार झाला. माणसाला कशाने पाय फुटतील सांगता येत नाही.

गुरुवारी दोघं गेली. लव्हॉन खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, गुडघ्यांवर विणलेली चादर. तिने डेलमारकडे पाहून मान हलवली. शहाण्या घरची बाई कुठल्याही कारागिराला बघून हलवते तशी. त्याने रेडिएटरचा विषय निघायच्या आत पान तिच्या हातात दिलं.

लव्हॉनने चष्मा नीट केला. चित्र पाहिलं, खालचं नाव वाचलं, साल वाचलं. तिचा चेहरा पडला. तिने पान मांडीवर ठेवलं आणि त्यावरून हलकेच हात फिरवला.

"अरेरे," ती म्हणाली. "डेलमार गेला का?"

आमच्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर दर बुधवारी काळ्यापांढऱ्या रंगात चेहरे छापून येतात, खाली नाव आणि साल. नॉर्डबीत माणूस काळापांढरा होऊन कागदावर येतो तो एकदाच. लव्हॉन साठ वर्षं ते पान वाचत आली होती.

"इतका लहानपणचा फोटो का घातला?" ती म्हणाली. "मोठेपणीचा नव्हता का त्यांच्याकडे? कधी गेला?"

डेलमार तिच्यासमोर दोन फुटांवर जिवंत उभा होता, दोन्ही हातांत टोपी धरून, आणि तसं सांगायची त्याला सोय नव्हती.

"कशाने गेला गं?" लव्हॉनने आर्डिसला विचारलं.

आर्डिस थर्मासचं झाकण फिरवत होती. पन्नास वर्षं ती बाई कुठलीही गोष्ट सरळ बोलली नव्हती. तिने झाकण बाजूला ठेवलं.

"ठरवता ठरवता गेला," ती म्हणाली.

लव्हॉनने मान हलवली. "वाटलंच मला," ती म्हणाली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिने चादरीच्या टोकाने पुसलं.

परतताना घराचं वळण आलं तेव्हा डेलमारने गाडी वळवली नाही, सरळ चाळीस मैल शहराकडे घातली. आर्डिसने कुठे म्हणून विचारलं नाही. दुकानात प्रिंटरच्या फळीपाशी गळ्यात पट्टी अडकवलेली एक बाई होती. तिने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "तुम्ही साधारण किती पानं छापता, त्यावर—"

"रंगीत," डेलमार म्हणाला.

"हो, पण त्यात आमच्याकडे सहा प्रकार—"

"तो. दाराजवळचा."

"त्याची शाई जरा वाळते, काका. वापर नसेल तर—"

"वापर आहे," डेलमार म्हणाला. "दर गुरुवारी."

सगळं मिळून चार मिनिटं लागली. आर्डिसने पुढे टपरीवर हे सांगितलं तेव्हा गॉर्डीने तिला दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना त्याची. त्या यंत्राचा मासिकात कितवा नंबर होता ते डेलमारने अजून पाहिलेलं नाही. पाहिला असेल तर सांगितलेला नाही. पहिल्या नंबरचं काळं यंत्र त्याने चर्चला दिलं. पाद्रीबाई दोनदा नको म्हणाल्या, तिसऱ्यांदा घेतलं, आणि आता रविवारची पत्रकं त्यावर निघतात. रेष खरोखरच वाईट नाही.

बैल गेला आणि झोपा केला, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. पुढच्या गुरुवारी डेलमार तेच जत्रेचं चित्र रंगीत छापून घेऊन गेला, या वेळी खाली नाव न घालता. लव्हॉनने पान हातात घेतलं आणि तिचं बोट थेट शर्टावर गेलं.

"हा पिवळा मी शिवला," ती म्हणाली. "पडद्याचं कापड उरलं होतं. डावी बाही सारखी उसवायची."

"आणि आत कोण आहे?" आर्डिसने विचारलं.

लव्हॉनने बारकाईने बघितलं. "कुणाचं तरी पोर आहे," ती म्हणाली. "बाही मात्र चांगली बसलीय."

जानेवारीत तेच पान नेलं असतं तर शर्टाच्या आत माणूसही सापडला असता, हे डेलमारला कुणी सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर तोललेल्या ट्रकांत एवढा फरक त्याच्या काट्यावर कधी आला नव्हता. त्या रात्री आर्डिस उठली तर तो तळघरात होता. मासिकं बघत नव्हता. शिवणयंत्र उचलून वर आणायच्या खटपटीत होता.

मग त्याने शर्ट आणला. नॉर्डबीत पुरुषांना तपकिरी आणि करडा हे दोनच रंग माहीत आहेत. शेतीच्या अवजारांच्या दुकानात पिवळा म्हणून एकच मिळतो, रस्त्यावर काम करणारे घालतात तो, अंधारात चमकणारा. डेलमारने तोच घेतला. सकाळी तो टपरीवर आला तेव्हा सगळ्यांनी हाताने डोळे झाकले.

"काय रे," गॉर्डी म्हणाला, "खड्डे बुजवायला लागलास काय?"

"तसंच काहीतरी," डेलमार म्हणाला.

"किती शर्ट बघितलेस?"

"हा एकच."

गॉर्डीने कपात बघितलं.

त्या दुपारी बाहेर उणे वीस होतं. लव्हॉनच्या खोलीत डेलमारने कोट काढून खुंटीला लावला आणि तिच्या समोरच्या खुर्चीत बसला. खिडकीतून बर्फाचा उजेड आत येत होता आणि त्यात तो शर्ट असा काही पेटला की बाहेरून जाणारी परिचारिका थांबून बघून गेली. आर्डिस कपात कॉफी ओतत होती. लव्हॉन बराच वेळ शर्टाकडे बघत राहिली.

"भडक आहे," ती म्हणाली. "पण वाईट नाही. आमच्या डेलमारला मी असाच शिवला होता."

डेलमारने टोपी गुडघ्यावर ठेवली. "कसा होता तो?"

"डेलमार?" लव्हॉन हसली. "चांगला होता हो पोरगा. पण दुकानात नेला की दिवस मावळायचा. शनिवारी त्याला टोपी घ्यायला नेलं. दोन टोप्या दोन हातांत घेऊन उभा. ही घालून बघ, ती घालून बघ. मी बाहेर ट्रकात बसून राहायची. थंडी अशी की बोटं कळायची नाहीत."

"रागावायचीस त्याला?"

"कशाला? आई नव्हती त्याला. एकदा चुकीचं घेतलं की पुन्हा मिळायचं नाही, असं वाटायचं त्या पोराला." तिने चादर गुडघ्यांवर सारखी केली. "आणि यायचा की शेवटी. उशीर करायचा, पण यायचा. कधी आला नाही असं झालं नाही."

डेलमारने खिडकीकडे पाहिलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, आणि आमच्याकडे त्यासाठी शब्द नाहीत, त्यामुळे तो म्हणाला, "पुढच्या गुरुवारी निळ्या ट्रकाचं चित्र आणतो. छापलं नाही तर शाई वाळते."

"आणा," लव्हॉन म्हणाली. "येताना रेडिएटरचा पानाही आणा."

मग तिने टेबलावरचा कप उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "कॉफी घ्या. थंडीतून आलात."

आर्डिस थर्मास हातात धरून बघत राहिली. डेलमारने पहिल्याच वेळी कप घेतला.